फीत कापल्यानंतरचा खर्च : गावच्या आरोग्य केंद्राला देणगी देण्याआधी

आमच्या मुंबईकर मंडळाने गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका दिली तेव्हा मी मंडळाचा खजिनदार होतो. शिमग्याला फीत कापली, नारळ फुटला, दोन्ही दारांवर मंडळाचं नाव निळ्या अक्षरांत झळकलं. गणपतीत गावी गेलो तर गाडी केंद्रामागच्या फणसाखाली उभी. एक चाक बसलेलं, टपावर पालापाचोळा. मागचं दार उघडलं तर आतून एक कोंबडी शांतपणे उतरून निघून गेली.

चूक केंद्राची नव्हती. ड्रायव्हरचा पगार कुणी द्यायचा, डिझेल कुठल्या खात्यातून, विमा कुणी भरायचा, यातलं काहीच आम्ही विचारलं नव्हतं. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ची गाडी केंद्राकडे होतीच. तातडीसाठी १०८ ला फोन लावता येत होता. आम्हाला गाडी द्यायची होती, कारण गाडीवर नाव मोठं लिहिता येतं.

त्यानंतर मंडळाने बऱ्याच वस्तू दिल्या आणि बहुतेक अजून चालू आहेत. फरक पडला तो कामाच्या क्रमामुळे. तो क्रम इथे मांडतो. अनुभव कोकणातला असला तरी खाती, कायदे आणि कागद महाराष्ट्रभर तेच आहेत.

पहिली पायरी : दवाखाना कुणाचा ते ओळखा

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मी पत्रं चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. त्यांच्या वर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तिथे जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे आपल्या भाषेत सिव्हिल सर्जन. ग्रामीण रुग्णालयासाठीचं पत्र जिल्हा परिषदेत दिलंत तर ते तिथून हलायला पुढचा शिमगा उजाडतो. महापालिकेचे दवाखाने वेगळे, विश्वस्त संस्थांची रुग्णालयं त्याहून वेगळी.

लोकसंख्येचाही हिशेब माहीत असू द्या. सपाट भागात साधारण ३०,००० लोकांमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा निकष आहे. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५,००० आणि ३,०००. म्हणजे 'आपल्या गावचा' दवाखाना प्रत्यक्षात पंधरा-वीस गावांचा असतो. बाकीच्या गावांची मंडळंही मुंबईत असतातच, त्यांना बरोबर घेता येतं.

दुसरी पायरी : जाऊन बसा आणि विचारा

फोनवर विचारलं की डॉक्टर म्हणतात, "तुम्हाला जे योग्य वाटेल ते द्या." संकोच असतो, आणि मागच्या देणगीदारांचा अनुभवही. म्हणून ओपीडी संपल्यावर, दुपारी दोनच्या सुमारास जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, पण तिथून थेट घरी येऊ नका. आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचर या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : "मागच्या महिन्यात कुठलं काम कशामुळे अडलं?"

"काय हवंय?" असं विचारलं की लोक यंत्रांची नावं सांगतात. "काय अडलं?" असं विचारलं की खरं बाहेर येतं.

आमच्या सिस्टरनी सांगितलेलं मला अजून आठवतं. आषाढातली रात्र, वीज गेलेली, बाई टेबलावर. एका हातात मोबाइलची बॅटरी आणि दुसऱ्या हाताने बाळ घेतलं. बाळ नीट होतं, पण त्याला ऊब देणारा वॉर्मर विजेवर चालतो आणि वीज पहाटे आली. तोपर्यंत बाळ आईच्या छातीशी, वर दोन गोधड्या. "बाकी काही नको दादा, प्रसूतिगृहात उजेड द्या," असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी माझ्या पिशवीत ईसीजी मशीनचं कोटेशन होतं. ते पिशवीतच राहिलं.

तिसरी पायरी : वस्तूचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च मांडा

कागदाच्या डाव्या बाजूला वस्तूची किंमत लिहा. उजव्या बाजूला वीज, दुरुस्ती, सुटे भाग, पेपर-रोल-रिएजंटसारखा रोज लागणारा माल, ती चालवणारा माणूस आणि तिची जागा. उजवी बाजू कोण भरणार याचं उत्तर नसेल तर डाव्या बाजूकडे वळूच नका.

इन्व्हर्टरचंच सांगतो. घरी लावतो तसला आणला असता तर पुन्हा कोंबडीची कथा झाली असती. वॉर्मरमध्ये हीटर असतो. आमच्या केंद्रातल्या यंत्रामागच्या पट्टीवर साडेसहाशे वॅट लिहिलं होतं. त्यात दिवे, सक्शन मशीन आणि पंखा धरला तर भार हजाराच्या पुढे जातो. इलेक्ट्रिशियनला सोबत नेऊन भार मोजला, त्या हिशेबाने मोठा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या, आणि प्रसूतिगृहाची वायरिंग वेगळी काढली. वेगळी नसती तर कुणीतरी पहिल्याच आठवड्यात ऑफिसचा फ्रीज त्यावर लावला असता.

लसींचा आयएलआर फ्रीजही त्यावर घ्यावा असा आमचा बेत होता. त्यावर सिस्टर हसल्या. हा फ्रीज वीज जाणार हे धरूनच बनवलेला असतो, दिवसातले आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहतं. त्याचा स्टॅबिलायझर मात्र जुना झाला होता. त्याचे पैसे वेगळे दिले. या दोन गोष्टी आम्हाला मुंबईत बसून कधीच कळल्या नसत्या.

बॅटऱ्यांत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरावं लागतं आणि चार-पाच वर्षांनी बॅटऱ्याच बदलाव्या लागतात. म्हणून जमलेल्या पैशातून आम्ही सगळा खर्च केला नाही. उरलेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली. दोन लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३,००० रुपये देते. त्यात पाणी, वार्षिक देखभाल आणि बॅटरीसाठी थोडी शिल्लक बसते. सभेत काही जण म्हणाले, "पैसे बँकेत ठेवायला वर्गणी दिली का?" त्यांना फणसाखालच्या गाडीचा फोटो दाखवला.

काही वस्तूंबाबत आधीच सावध करतो.

सोनोग्राफी मशीन परस्पर विकत घेऊन कुणालाही देता येत नाही. गर्भलिंग निदानाविरोधातल्या १९९४ च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी असावी लागते आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी असं यंत्र पुरवणं हा गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी कायदा तो बघत नाही. शिवाय सोनोग्राफी करणारा पात्र डॉक्टर तिथे आहे का, हा प्रश्न उरतोच. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते.

औषधं गोळा करून नेऊ नका. घरोघरच्या अर्ध्या पट्ट्या तर नकोच. केंद्राने लेखी यादी दिली तरच औषधं घ्या, आणि पोहोचल्यावरही निदान वर्षभराची मुदत शिल्लक असेल असं बघा. औषधांच्या देणगीबाबत जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच दंडक आहे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर बऱ्याच ठिकाणी पडून आहेत. नवा देण्याआधी जुने किती आहेत ते मोजा. फिल्टर धुऊन, तपासून, अधूनमधून चालवले तर त्यातले कितीतरी परत वापरात येतील. जुनं यंत्र दुरुस्त करून देणं ही माझ्या मते सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात कमी दिली जाणारी देणगी आहे. दुरुस्त केलेल्या यंत्रावर पाटी लावता येत नाही ना!

चौथी पायरी : पैसा कुठल्या वाटेने जाणार

सरकारी केंद्राला देणगी देण्याची सरळ वाट म्हणजे रुग्ण कल्याण समिती. या समित्यांचं मूळ इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आहे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, त्या धास्तीत इंदूरकरांनी आपलं घाणीने भरलेलं रुग्णालय लोकवर्गणी आणि लोकसहभागातून साफ केलं आणि त्यातून ही कल्पना उभी राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. समितीचं स्वतःचं बँक खातं असतं, तिला देणगी घेता येते आणि स्थानिक गरजेवर खर्च करता येते. वैद्यकीय अधिकारी सहसा सचिव असतात. चेक समितीच्या नावाने द्या, कुणा व्यक्तीच्या नावाने नको, आणि पावती घ्या.

एक बारीक गोष्ट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. रुग्णांसाठी हे उत्तमच. पण केसपेपरच्या दहा-वीस रुपयांतून नळाची तोटी किंवा ट्यूबलाइट बदलली जात असेल, तर ती वाट बंद झाली. त्यामुळे अशा फुटकळ कामांसाठी दिलेल्या पाच-दहा हजारांचं मोल तिथे बरंच असतं.

तुमचं मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल आणि तुम्ही दवाखान्यासाठी वर्गणी गोळा करणार असाल, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१सी हे ते कलम. गणेश मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात, त्यामुळे त्यांच्यातल्या एखाद्या कार्यकर्त्याला धरा, अर्धा तास वाचेल.

देणगी विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाला द्यायची असेल तर नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. मागायला लाजू नका. चांगल्या संस्था ते छापूनच ठेवतात.

आता करसवलत. बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून नेमकं सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ८०जी होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण लोक अजून ८०जी म्हणूनच विचारतात. बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर वजावट नाही. वस्तू दिली तरी नाही, म्हणजे इन्व्हर्टर स्वतः विकत घेऊन दिलात तर सवलत विसरा. साध्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे नोंद करून काढलेलं प्रमाणपत्र लागतं. आणि नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मुळातच नाही. २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते, त्यामुळे नोकरदारांपैकी अनेकांना करसवलत मिळतेय हा नुसता समज असतो.

परदेशातून येणाऱ्या पैशाची वेगळी काळजी. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टचा भाचा नेहमीच्या बँकेतून स्वतःच्या कमाईतले पैसे पाठवतो, ते विदेशी देणगीत मोडत नाहीत. पण न्यू जर्सीतल्या आत्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर तिचे पैसे विदेशी देणगी ठरतात, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. ते फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेनेच आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यायचे. "आत्याने माझ्या खात्यावर पाठवले, मी मंडळाला देतो," ही युक्ती कृपया करू नका.

गावाजवळ लोटे किंवा महाडसारखी औद्योगिक वसाहत असेल तर कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा विचार करा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. पैसे घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. आमच्या मंडळाकडे ती नव्हती, म्हणून एका जुन्या शिक्षण संस्थेला पुढे केलं. जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा जून-जुलैत पत्र दिलं तर ऐकलं जातं.

पाचवी पायरी : कागद

देण्याआधी केंद्राचं संमतीपत्र घ्या, 'आम्हाला ही वस्तू हवी आहे आणि आम्ही ती वापरू' असं. वस्तू दिल्यावर ताबा पावती घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत तिची नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा. नोंद नसलेली वस्तू सरकारी हिशेबात अस्तित्वातच नसते, म्हणजे ती बिघडली तर दुरुस्तीचा कागद हलत नाही आणि हरवली तर कुणी विचारत नाही. सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीसाठी कंत्राट असतं. तुमचं यंत्र त्या यादीत चढवता येईल का, हे संमतीपत्राच्या वेळीच विचारा. वॉरंटी कार्ड केंद्राच्या नावाचं करा. आमच्या पहिल्या यंत्राचं कार्ड अध्यक्षांच्या नावाने होतं आणि ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले.

अट घालायची असेल तर ती लेखी घाला. देणगीदाराने अट घालणं काही नवं नाही. जमशेटजी जिजीभॉय यांनी मुंबईतल्या रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले ते कंपनी सरकारनेही तेवढीच भर घालावी या बोलीवर. १८४५ मध्ये उभं राहिलेलं ते जे. जे. रुग्णालय. परळच्या केईएमच्या वेळी सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे भारतीयच असावेत अशी अट घातली. इंग्रजांच्या राज्यात, १९२६ मध्ये रुग्णालय आणि महाविद्यालय सुरू झालं ते ती अट पाळून. आपल्या अटी एवढ्या मोठ्या नसतात. 'प्रसूतिगृहाबाहेर हलवू नये' एवढीच आमची होती, पण कागदावर असल्याने ती नव्या डॉक्टरांनाही लागू झाली. डॉक्टर बदलतात, कागद राहतो.

लाखांच्या गोष्टी जमत नसतील तर

क्षयरुग्णाला पोषण आहार देणारे निक्षय मित्र व्हा. ही योजना सप्टेंबर २०२२ पासून देशभर आहे. पोर्टलवर नोंदणी करायची किंवा सरळ तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना भेटायचं. किमान सहा महिने रुग्णाला दरमहा शिधा द्यायचा : मोठ्या माणसासाठी ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, २५० ग्रॅम तेल आणि एक किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे. रुग्णाची संमती असेल तरच तो तुमच्याशी जोडला जातो. शिधा देताना फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नका, गावात क्षय लपवला जातो आणि त्याला कारणं आहेत. आहाराचा उपयोग किती, हे झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरातल्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. आमच्या मंडळातल्या चार बायकांनी भिशीतून दोन रुग्ण घेतले. सभा नाही, फीत नाही.

रुग्णोपयोगी साहित्य केंद्र सुरू करता येतं. वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, पाणी किंवा हवेची गादी, वरखाली होणारी खाट. अनामत घेऊन द्यायचं, परत आलं की अनामत परत. मांडीचं हाड मोडलेल्या आजीला तीन महिन्यांसाठी खाट विकत घ्यावी लागत नाही. यासाठी एक कोरडी खोली आणि वही सांभाळणारा एक चिकट माणूस लागतो. माणूस मिळाला तरच खोली शोधा.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एखाद्या रुग्णाचं बिल भरायची वेळ आली तर खिशात हात घालण्याआधी समाजसेवा अधीक्षकांना गाठा. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स निधी असतो, तो गरज पडताळून दिला जातो आणि त्यात देणगीही टाकता येते. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१एए नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का तेही बघा. हे सगळं करून जी रक्कम उरते, ती भरा. नाहीतर तुमच्या पन्नास हजारांनी फक्त रुग्णालयाची जबाबदारी हलकी होते.

आणि नातेवाईकांचा मुक्काम. टाटा रुग्णालयात आलेल्या परगावच्या माणसाला औषधाइतकीच चिंता रात्री कुठे टेकायचं याची असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर रुग्ण सेवा सदन यांसारख्या ठिकाणी एका दिवसाचं जेवण तुमच्या नावाने देता येतं का, हे जाऊन विचारा.

शेवटची पायरी : पुढच्या वर्षी परत जा

वस्तू दिल्यानंतर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एकदा, न कळवता नव्हे, कळवूनच जा. तुम्ही तपासणी पथक नाही. सोबत यादी असू द्या : यंत्र चालू आहे का, शेवटचं कधी वापरलं, काय संपलंय, कोण बदलून गेलं. नवे डॉक्टर आले असतील तर संमतीपत्राची प्रत त्यांना द्या. वर्गणीदारांना हिशेब पाठवताना जे फसलं तेही लिहा. आमच्या गाडीचं आम्ही लिहिलं, तेव्हा पुढच्या वर्षीची वर्गणी वाढली. ती गाडी नंतर रीतसर कागद करून तालुक्यातल्या एका संस्थेकडे गेली, तिच्याकडे ड्रायव्हर होता.

दर गणपतीत गावी जाताना माझ्या सामानात मोदकांच्या साच्याशेजारी डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन असतो. यंदा निघायच्या आदल्या रात्री सिस्टरना फोन केला. म्हणाल्या, "दादा, पाणी आहे अजून. उशांचे अभ्रे आणा, बारा. पांढरे नको, डाग जात नाहीत."